पणजोबांची बोट कोणती? जुन्या नोंदींतून खलाशी पूर्वजाचा शोध

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ गाव दाभोळ खाडीच्या काठावर, गुहागर तालुक्यात. माझ्या आजोबांचे वडील बोटीवर तांडेल (खलाशांवरचे मुकादम) होते, मुंबईहून आफ्रिकेच्या फेऱ्या करायचे. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली आणि ते परत आले नाहीत, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बोटीचं नाव विचारलं की सगळे एका सुरात ‘करंजा’ म्हणतात. त्यापुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

मे महिन्यात गावच्या घराची कौलं काढली तेव्हा माळ्यावरच्या पेटीत पत्र्याचं एक नळकांडं निघालं. आत त्यांची नळी, म्हणजे जहाजावर कामाला जाणाऱ्याचं सरकारी डिस्चार्ज बुक. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत पण मजकूर शाबूत आहे. पहिल्या पानावर अंगठ्याचा ठसा, उंची, आणि ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही, त्यामुळे त्या व्रणाची ओळ मी कितीतरी वेळ वाचत बसले. पुढच्या पानांवर प्रत्येक फेरीची एक ओळ: बोटीचं नाव, तिचा नंबर, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, आणि ‘व्हेरी गुड’चे दोन शिक्के, एक कामासाठी, एक वर्तणुकीसाठी. अगदी शेवटच्या पानावरची शेवटची ओळ १९३८ ची. बोट करंजा.

शिवाय ओटीवर बोटीचा एक फ्रेम केलेला फोटो आहे. काळं धुराडं, त्यावर एकमेकांजवळ दोन पांढरे पट्टे. नाव वाचता येत नाही.

तर प्रश्न असे: ही करंजा कुठली, कुठे बुडाली, आणि पणजोबांचं नाव एखाद्या कागदात सापडेल का? त्यांची मुलगी, माझी आत्याआजी, नव्वदीला टेकली आहे. तिच्या डोळ्यांदेखत हे उलगडावं अशी फार इच्छा आहे.

---

सागरगोटा

वा! वाखु (वाचनखूण) साठवली. तुमचा धागा वाचून आमचे बाबा माळ्यावर चढलेत, अजून खाली आलेले नाहीत.

---

धुराडं_आणि_भोंगा

फोटोपुरतं मी सांगू शकतो, लहानपणापासूनचा नाद आहे. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची (बी.आय.ची) खूण. क्लॅन लाइनच्या काळ्या धुराड्यावरही दोन पट्टे असत, पण लाल. कृष्णधवल फोटोत ते करडे, मळकट दिसतात. तुमचे स्वच्छ पांढरे असतील तर बी.आय.च.

बी.आय.च्या बहुतेक बोटींची नावं ‘आ’ने संपणारी आणि बरीचशी आपल्याकडच्या गावांची, नद्यांची. वर्सोवा, खंडाळा, द्वारका, आणि आपलं उरणजवळचं करंजा. मात्र करंजा नावाच्या दोन बोटी प्रसिद्ध आहेत. एक १९३१ ची, दुसरी युद्धानंतर १९४८ ची. दुसरी सत्तरच्या दशकापर्यंत मुंबई-आफ्रिका मार्गावर होती, कित्येकांचे आजोबा तिने नैरोबीला गेले. तुमची १९३८ ची नोंद आहे म्हणजे पहिलीच. ती आणि तिची जोडीदार ‘केनया’ मुंबई-मोंबासा-दरबान मार्गावर धावत. युद्धात आरमाराने ताब्यात घेऊन तिला सैन्य उतरवण्याचं जहाज केलं. मे १९४२ मध्ये मादागास्करच्या मोहिमेत होती, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला अल्जीरियातल्या बूजी बंदरात विमानहल्ल्यात बुडाली.

घ्या, सापडली तुमची बोट.

---

मालवणी_मसालो

एका प्रतिसादात निकाल! धाग्याचो एवढ्यातच बारावो घालूचो काय?

---

खाडीकाठ

@धुराडं_आणि_भोंगा, अंगावर काटा आला. नोव्हेंबर १९४२ म्हणजे आत्याआजी सहा-सात वर्षांची. ‘दिवाळीनंतर बातमी आली’ असं ती म्हणते. जुळतंय. खूप खूप आभार!

---

रोखठोक

अभिनंदन, पण पणजोबांचं नाव कागदात मिळायची आशा ठेवू नका. गोऱ्यांच्या यादीत कॅप्टनपासून रेडिओवाल्यापर्यंत नावं असतात आणि आपली माणसं ‘लास्कर (म्हणजे आशियाई खलाशी), इतके’ अशी आकड्यात मोडतात. पगारही गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदी तुटपुंजा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर आपल्या खलाशांनी ब्रिटिश बंदरांत पगारासाठी संप केला तर त्यांना तुरुंगात टाकलं. अशा लोकांनी नावं कशाला जपून ठेवली असतील?

---

थंडीतली_मांजर

@रोखठोक, पगाराचं आणि संपाचं खरंच आहे, नावांचं मात्र नाही. प्रवासी यादीत किंवा वर्तमानपत्रात नुसता आकडा असतो हे बरोबर. पण आशियाई खलाशांचा करार वेगळ्या कागदावर होत असे. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, हुद्दा, गाव आणि बऱ्याचदा बापाचं नावही असे. तो कागद टिकला असेल तर सगळं मिळतं. अडचण एवढीच की हे कागद जगभर विखुरलेत.

मी न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्सला राहते. इथल्या मेमोरियल विद्यापीठात मॅरिटाइम हिस्टरी आर्काइव्ह आहे. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांच्या १८६३ ते १९३८ या काळातल्या खलाशी-यादींपैकी साधारण ७० टक्के इथे आहेत. लंडनमध्ये ठेवायला जागा नव्हती, नष्ट करायचा विचार चालला होता, तेव्हा या विद्यापीठाने त्या मागून घेतल्या. १० टक्के नमुना लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये राहिला आणि शेवटी ५ चा आकडा येणारी वर्षं, म्हणजे १९०५, १९१५, १९२५ वगैरे, ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमकडे गेली. त्यातल्या १९१५ च्या याद्या स्वयंसेवकांनी नाव न् नाव टंकून फुकट ऑनलाइन ठेवल्यात, सुमारे साडेसात लाख नोंदी. १९३९ पासून पुढच्या युद्धकाळातल्या याद्या क्यूमध्ये आहेत, बीटी ३८१ या मालिकेत.

आता कळीची गोष्ट. या सगळ्या याद्या माणसाच्या नावाने लावलेल्या नाहीत, बोटीच्या नावानेही नाहीत. लावल्यात बोटीच्या ऑफिशियल नंबरने. १८५५ पासून प्रत्येक ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला असा नंबर मिळे आणि मालक बदलो, नाव बदलो, नंबर तोच राही. तुमच्या नळीत प्रत्येक ओळीला तो लिहिलेला आहे. म्हणून नावाच्या मागे लागू नका, नंबर आधी उतरवून काढा. ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर नंबर टाकला की बोट निघते, नाव टाकलं की त्या नावाच्या सगळ्या बोटी.

इथे मे महिन्यातही समोर हिमनग तरंगत असतात आणि आत बसून दाभोळ, बाणकोट, रत्नागिरी ही नावं वाचायला मिळतात. मी तिथे गेले की एक-दोन तास तरी घरी जावंसं वाटत नाही.

---

सागरगोटा

मांजरबाई, दंडवत घ्या. बाबा खाली आले. हाती पितळी बंब लागला.

---

निवृत्त_चीफ

धागा आत्ता पाहिला. आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, म्हणून एक शंका मांडतो.

ताई, नळी घरी कशी?

खलाशी बोटीवर चढला की त्याची नळी कॅप्टनच्या ताब्यात जाते. फेरी संपून पगार चुकता झाला, शिक्के पडले, की मग परत हातात. करंजासोबत पणजोबा गेले असते तर त्या वेळची चालू नळीही पाण्यात गेली असती. तुमच्या पेटीत सापडली ती भरलेली, जुनी. तुम्हीच लिहिलंय की शेवटची ओळ शेवटच्या पानावर आहे. पानं संपली म्हणून १९३८ नंतर त्यांनी नवी काढली आणि ही घरी आणून ठेवली. म्हणजे करंजा ही जुन्या नळीतली शेवटची बोट. त्यांच्या आयुष्यातली शेवटची बोट तीच, असं या कागदावरून सिद्ध होत नाही.

दुसरं, करंजा युद्धात आरमाराकडे गेली होती. अशा वेळी खलाशांचा करारच बदलतो. काही राहतात, पुष्कळांना उतरवून कंपनीच्या दुसऱ्या बोटींवर पाठवतात. १९३८ ते ४२ ही चार वर्षं तुमच्याकडे कोरी आहेत.

कुणाचा हिरमोड करायचा नाही. पण चुकीच्या बोटीवर आपला माणूस चढवू नये.

---

धुराडं_आणि_भोंगा

चीफसाहेब, मुद्दा बिनतोड आहे. पण घरच्या आठवणीला काहीच किंमत नाही का? चार पिढ्या एकच नाव सांगतायत.

---

निवृत्त_चीफ

आहे ना. ते करंजावर होते हे आठवणीने अचूक सांगितलं, नळीने त्याला दुजोरा दिला. बुडण्याचा प्रसंग तेवढा निराळा तपासायला हवा. लोक ज्या बोटीवर जास्त वर्षं काढतात तिच्याच नावाने गावात ओळखले जातात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मरेपर्यंत ‘राजुला’वाले होते, तिच्यानंतर त्यांनी पाच बोटी केल्या तरी.

---

बाणकोटी

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. माझे दादाजी पी अँड ओमध्ये डेकचे सारंग होते, म्हणून आमच्या बाजूचं थोडं.

कंपनी एकेक खलाशी निवडत नसे. सारंग आपल्या गावातून, नात्यातून माणसं उभी करायचा. सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी, असा अख्खा जथा एका पंचक्रोशीतला. आमच्या खाडीत एक बोट बुडाली की एका दिवशी पाच-सहा घरांत रडारड व्हायची. म्हणून ताई, आपल्या माणसाचं नाव मिळत नसेल तर शेजाऱ्याचं शोधा. गावात, खाडीपलीकडे, आणखी कुणाच्या घरी ‘आमचेही त्याच बोटीत गेले’ असं सांगतात का? मोहल्ल्यात विचारा, भंडारवाड्यात विचारा, खारवीवाड्यात विचारा.

नावाच्या स्पेलिंगचीही तयारी ठेवा. कारकून कानाला येईल तसं लिहायचा. आमच्या दादाजींचं नाव त्यांच्याच कागदांत चार तऱ्हांनी आहे. आडनाव बहुधा नसतंच. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, या तिन्हींचा मेळ बसला तरच आपला माणूस समजा.

---

म्हापशेकार

अवांतर: आमच्या गोंयकार तारवट्यांचीही हीच गत. फरक इतकाच की आमचे लोक जास्त करून स्टुअर्ड, पँट्रीवाले, कुक, म्हणजे सलूनमध्ये. मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागांत गावोगावच्या कुडी (गावकऱ्यांच्या उतरायच्या जागा) होत्या, अजून काही आहेत. एका गावची एक कूड. बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवायची, चटई अंथरायची, संध्याकाळी एकत्र तेर्स (रोझरीची प्रार्थना) म्हणायचा. कुणाचा आजोबा गोव्याचा असेल तर कुडीची सभासद-वही बघितल्याशिवाय हार मानू नका. माझ्या आजोबांच्या बोटीचा धागा तिथेच मिळाला, सरकारी कचेरीत नव्हे.

---

पोर्ट_लुईची_सून

अतिअवांतर, पण राहवत नाही. मॉरिशसला मोठा मराठी समाज आहे, मुंबई बंदरातून आलेल्या गिरमिटियांचा (करारावर नेलेल्या मजुरांचा). मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या नोंदी आहेत. तिथे उलटा प्रकार: प्रत्येक माणसालाच नंबर, आणि त्यापुढे बोटीचं नाव, आल्याची तारीख, मूळ गाव. माझ्या सासरच्यांचं मूळ ‘रत्नागिरी’ एवढंच लिहिलंय, पण बोट मिळाली. तुमच्यापैकी कुणाच्या घरात ‘एक भाऊ मिरिचला (मॉरिशसला) गेला तो परत आला नाही’ अशी गोष्ट असेल तर तो खलाशी नव्हे, प्रवासी असेल. व्यनि (खासगी निरोप) करा, मी पाहून सांगेन.

---

रोखठोक

मिरिच, गोवा, कॅनडा सगळं फिरून झालं. पणजोबा अजून पाण्यातच आहेत.

---

ओटीवरची_माई

मला बोटीतलं काही कळत नाही. पण एक विचारू का? तुमच्याकडे पणजोबांचं श्राद्ध कुठल्या तिथीला करतात?

---

खाडीकाठ

माई, आता फक्त पितृपक्षात पान वाढतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून आत्याआजीला फोन केला. ती लगेच म्हणाली, ‘त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागले की दुसऱ्या दिवशी बाबांचं असायचं. आई रात्री पणत्या लावायची आणि पहाटे उठून श्राद्धाच्या स्वयंपाकाला लागायची.’ म्हणजे कार्तिक वद्य प्रतिपदा. इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

---

ओटीवरची_माई

मग करंजा नव्हे.

इंटरनेटवर जुन्या सालांची पंचांगं मिळतात, त्यात १९४२ पाहिलं. त्या वर्षी भाऊबीज १० नोव्हेंबरला. १२ नोव्हेंबर म्हणजे कार्तिक शुद्ध चतुर्थीच्या आसपास. त्रिपुरी पौर्णिमा २२ नोव्हेंबरला, आणि वद्य प्रतिपदा २३ नोव्हेंबर १९४२. करंजात गेले असते तर श्राद्ध भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आलं असतं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, माणूस विसरतो, श्राद्धाची तिथी चुकत नाही. परदेशी गेलेल्या माणसाची तिथी भटजी कंपनीच्या पत्रातली तारीख पाहूनच काढत. पत्रच नसेल तर बातमी कळली तो दिवस धरत.

त्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, कुठली बोट बुडाली का ते आता तुम्ही जाणकारांनी बघायचं.

---

निवृत्त_चीफ

माई, साष्टांग नमस्कार.

२३ नोव्हेंबर १९४२. ‘तिलावा’.

---

धुराडं_आणि_भोंगा

अरे देवा. तिलावा! तीही बी.आय.चीच, १९२४ ची. तीच काळी धुराडी, तेच दोन पांढरे पट्टे, आणि तोच मार्ग. इतका वेळ डोळ्यांसमोर होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिलावा २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर एकूण ९५८ माणसं: ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची. प्रवाशांत बरेच आपले लोक, आफ्रिकेत दुकानं-नोकऱ्या असलेले, बायकामुलांसह. २३ तारखेला पहाटेच्या काळोखात, सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात, जपानच्या आय-२९ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. माणसं होड्यांमध्ये उतरली. काही जण बोट अजून तरंगतेय म्हणून सामान आणायला परतले, आणि दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले, त्यांत २८ कर्मचारी. वाचलेल्यांना दोन दिवसांनी बर्मिंगहॅम या क्रूझरने उचललं, थोड्यांना ‘कार्थेज’ने. २७ ला ते मुंबईत परत आले.

आता कोडं उलगडतंय. करंजा १२ तारखेला गेली, तिलावा २३ ला. दोन्ही एकाच कंपनीच्या. ज्या माणसाला गाव ‘करंजावाला’ म्हणून ओळखत होतं तो अकरा दिवसांनी दुसऱ्या बोटीवर गेला. दोन्ही बातम्या मागोमाग खाडीत पोचल्या असणार, आणि गावाच्या तोंडी एकच नाव उरलं.

---

रोखठोक

आय-२९ म्हणजे तीच पाणबुडी ना, जिने एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ नेताजींना जर्मन पाणबुडीतून घेतलं?

---

धुराडं_आणि_भोंगा

तीच.

---

मालवणी_मसालो

ह्या वाचून काय बोलूचा ता सुचणा नाय.

---

म्हापशेकार

बोलण्यासारखं एक आहे. तिलावावर २,३६४ चांदीच्या लाद्या होत्या, दक्षिण आफ्रिकेला चाललेल्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने त्या तळातून वर काढल्या आणि चांदी कुणाची यावर खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. बी.आय.च्याच ‘गेरसप्पा’चंही तसंच. आपल्या जोगच्या धबधब्याचं नाव असलेली बोट, फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला बुडाली, एकच अधिकारी जिवंत राहिला. तिचीही चांदी जवळजवळ पावणेपाच किलोमीटर खोलीवरून काढली. इतक्या खोलातली लादी न् लादी मोजता येते, आणि त्याच बोटीवरच्या माणसांची नावं मिळवायला त्यांच्या पणतीला श्राद्धाची तिथी शोधावी लागते. मला याचा राग येतो.

---

थंडीतली_मांजर

राग रास्त आहे. पण नावं आहेत हो, आणि कुठे आहेत तेही सांगते.

युद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे असते. ज्यांची कबर समुद्रच आहे अशा अविभाजित हिंदुस्थानच्या दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक म्हणजे नावांची पुस्तकं. सहा हजारांवर नावं आहेत. एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारकही त्याच इमारतीत आहे. लोकलने रोज त्याच्या बाजूने लाखो लोक जातात.

कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोधू नका, स्पेलिंगमध्ये अडकाल. नावाची चौकट रिकामी ठेवा, मृत्यूची तारीख २३ नोव्हेंबर १९४२ टाका, सेवा म्हणून मर्चंट नेव्ही निवडा. जी यादी येईल ती एकेक करून मोठ्याने वाचा. डोळ्यांना जे परकं दिसतं ते कानाला ओळखू येतं.

प्रवाशांची नावं मात्र तिथे नसतील, ते खलाशी-सैनिक नव्हते. त्यांच्यासाठी वंशजांनीच काम उभं केलंय. २०२२ मध्ये ८० वर्षं झाली तेव्हा ते मुंबईत जमले होते.

---

बाणकोटी

आणि यादी वाचताना गावांकडे लक्ष ठेवा. एका खाडीतली माणसं एका यादीत ओळीने सापडतील.

---

सागरगोटा

आम्ही इथे घरात सगळे बसून वाट बघतोय. बाबांनी चहा टाकलाय.

---

खाडीकाठ

मंडळी, सापडले.

यादी मोठी नव्हती. मांजरताईंनी सांगितलं तसं मोठ्याने वाचत गेले. नाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की नुसतं पाहून मी पुढे गेले असते. आईने कान टवकारले आणि म्हणाली, परत वाच. हुद्दा टिंडल, म्हणजे तांडेल. बोट एस.एस. तिलावा. खाली ‘अमुकचा मुलगा, अमुकचा नवरा’, गाव आणि पुढे रत्नागिरी. बापाचं नाव नळीतल्या पहिल्या पानाशी जुळतं. गावाचं नाव मोडकं आहे पण आमचंच.

आणि नवरा कुणाचा, तिथे माझ्या पणजीचं नाव आहे. तिचं नाव मी सातबाऱ्यावरही पाहिलेलं नाही. तिथे मुलगे आले, मग नातू आले, ती कुठेच नाही. ते या यादीत आहे.

आत्याआजीला सांगितलं. ती आधी बराच वेळ ऐकतच राहिली. मग तिने विचारलं, ‘बोटीवर बायकामुलं होती म्हणतेस, मग बाबांनी होड्या सोडल्या असतील ना? ते तांडेलचंच काम.’ मला उत्तर देता आलं नाही. चीफकाका, तुम्ही सांगू शकाल का?

---

निवृत्त_चीफ

सांगतो. होय, होड्या पाण्यात सोडायचं काम डेकच्या माणसांचं, आणि सारंगाच्या खालोखाल तांडेलच उभा असतो. त्या रात्री नेमके ते कुठल्या होडीपाशी होते ते कुठलाच कागद सांगणार नाही. पण ९५८ पैकी ६७८ माणसं वाचली, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भर समुद्रात. होड्या नीट उतरल्याशिवाय एवढी माणसं वाचत नाहीत. आणि त्या कुणीतरी हाताने दोर सोडून उतरवल्या. आत्याआजींना माझा नमस्कार सांगा आणि हे सांगा.

---

ओटीवरची_माई

आत्याआजींना म्हणावं, यंदा त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या देवळातही एक पणती त्यांच्या वडिलांच्या नावाची लागेल. नाव तेवढं कळवा.

---

रोखठोक

माझा वरचा प्रतिसाद ज्यांनी वाचला असेल त्यांनी मांजरताईंचाही वाचावा. धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो: १९३८ ते ४२ ची कोरी वर्षं राहिलीच ना? तिलावावर ते कधी चढले?

---

थंडीतली_मांजर

त्यासाठी क्यूची बीटी ३८१. तिलावाचा ऑफिशियल नंबर काढा, तो आणि १९४२ साल देऊन प्रतीची किंमत विचारा. कागद किती पानांचा आहे त्यावर पैसे ठरतात, म्हणून आधी अंदाज मागवा. यादीत प्रत्येकापुढे त्याची आधीची बोटही लिहिलेली असण्याची शक्यता असते. ती मिळाली की त्या बोटीची यादी, तिथून त्याआधीची. असं एकेक पाऊल मागे जात १९३८ पर्यंत पोचता येईल. करंजाच्या १९३८ पर्यंतच्या याद्या बहुधा आमच्याकडे असतील. नळीतल्या सगळ्या ओळी मला व्यनिने पाठव, नंबर आणि तारखांसह. मी इथे अर्ज भरते. सेंट जॉन्समधलं जे असेल त्याचा खर्च माझ्याकडे, यावर वाद नको.

---

खाडीकाठ

व्यनि केला. फोटोही जोडलेत. मशीद बंदरला आम्ही सगळेच जाणार आहोत, आत्याआजीला व्हीलचेअरवरून. पुस्तकाचं ते पान बघायला आधी फोन करून वेळ घ्यावी लागते का, कुणी गेलंय?

---

म्हापशेकार

मी गेलोय. फोन करूनच जा, कामाच्या दिवशी, सकाळी. स्टेशनच्या बाजूने गोदीकडचा रस्ता मालवाहू गाड्यांनी भरलेला असतो, व्हीलचेअर असेल तर टॅक्सी दारापर्यंत न्या.

---

बाणकोटी

ताई, तुमच्यानंतर मीही तीच यादी उघडली. तुमच्या पणजोबांच्या खाली चार-पाच ओळींवर आणखी एक तिलावाचा खलाशी आहे, बापाचं नाव दिलंय, आणि गाव तुमच्या खाडीच्या पलीकडच्या काठावरचं. त्या गावात माझी मावशी आहे. शुक्रवारी जुम्याला जाणारच आहे, नमाजनंतर मशिदीत जुन्या लोकांना नाव वाचून दाखवतो. कुणी ओळख दिली तर तुमचा नंबर त्यांना देऊ का?